निबंधाखालची निनावी कॉमेंट

नसीम,

तुझ्या शोकसभेत कुणीतरी एक भाषण वाचून दाखवलं. "ज्ञानाचा दीप अखंड तेवत ठेवणारं बहुआयामी व्यक्तिमत्त्व" असं तुझ्याबद्दल त्यात होतं. सगळे माना खाली घालून बसले होते, माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे यांनी स्वतः लिहिलेलं नाही, मशीनला सांगून लिहून घेतलंय. पुढची पाच मिनिटं मी तुझी आठवण काढत नव्हते, पुरावा शोधत होते.

तुला जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि मी अजून त्याच उद्योगात होते, ज्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं.

तू कशी गेलीस, कुठल्या दवाखान्यात, कोण कोण होतं, ते मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते तुला सांगायचं राहिलं ते. म्हणजे, तुला ते आधीच कळलं होतं असा मला दाट संशय आहे. पण संशयच. खात्री करून घ्यायची वेळ मी घालवली.

तू रोह्याची, लग्न होऊन पेणला गेलीस आणि तिथल्या कॉलेजात लागलीस. मी पेणची, लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला आले आणि रोह्याच्या कॉलेजात लागले. "दोघींची अदलाबदल झालीय गो," तू म्हणायचीस. "कुणाच्या लक्षात यायच्या आत परत बदलून घेऊ." एम.ए.ला एका बाकावर बसलेल्या आपण दोघी, पुढे वीस वर्षं एकच विषय शिकवत राहिलो. इंग्रजी. ज्यांनी बारावीपर्यंत इंग्रजीतून एक सरळ वाक्य बोललेलं नाही, अशा पोरांना पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत अभ्यासपूर्ण निबंध लिहायला लावायचं. दावा मांडा, पुरावा द्या, दुसरी बाजू सांगा, निष्कर्ष काढा. पोरं गाइडमधून उतरवायची, अलीकडे मोबाइलवरून. मी लाल पेनाने खुणा करायचे. ती मार्क बघायची आणि कागद दप्तरात कोंबायची.

ब्लॉगची कल्पना तुझी. वडखळला नाक्यावरच्या हॉटेलात आपण महिन्यातून एका शनिवारी भेटायचो, तिथे तू ती काढलीस.

"वैशू, त्यांचं लिहिलेलं तुझ्यामाझ्याशिवाय कुणी वाचतं का?"

"कुणी वाचावं असं असतं का ते?"

"तेच म्हणते मी. कुणी वाचणार नाय हे त्यांना ठाव हाय, म्हणून ते तसं असतं. तुझी पोरं लिहितील ते माझी वाचतील, माझी लिहितील ते तुझी. एकमेकांची तोंडं बघितलेली नसतील. मग समजेल असं लिहावंच लागेल."

मला ते पटलं नाही. मला लवकर काही पटतच नाही, हे तू कायम सांगायचीस. पोरं एकमेकांची खोटी स्तुती करतील, असं मी म्हटलं. आणि झालंही तसंच. पहिले पंधरा दिवस प्रत्येक निबंधाखाली "नाइस", "व्हेरी नाइस", "कीप इट अप". मी तुला फोन करून म्हटलं, बघ. तू त्या दिवशी "नाइस" या शब्दावर बंदी घातलीस. कॉमेंट करणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या: मला काय समजलं, मला काय पटलं नाही, आणि एक प्रश्न. आणि स्वतःचं नाव लिहायचं. नावाशिवाय कॉमेंट चालणार नाही. हा शेवटचा नियम तू वर्गात फळ्यावर लिहून ठेवला होतास, मला फोटोही पाठवला होतास.

आणि पोरं खरंच एकमेकांना प्रश्न विचारायला लागली. मोडक्या इंग्रजीत, पण नेमके. माझ्या वर्गातली दीक्षा त्यात सगळ्यात पुढे. तिचे वडील कंपनीत शिफ्टला, घरात इंग्रजीचं वारंही नाही. वर्गात ती तोंड उघडत नसे. ब्लॉगवर मात्र ती तुझ्या पोरांच्या मागेच लागायची. "तू म्हणतोस सगळे शेतकरी. सगळे म्हणजे किती? विचारलंस का?" तू हसून मला सांगायचीस, "तुझी दीक्षा म्हणजे पोलीस हाय."

तुझ्या वर्गातली प्रणाली तिच्या तावडीत सापडली ती तिथेच. धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांच्या घरातली मुलगी. खाडीकाठची मिठागरं का बंद पडली, हा तिचा विषय. पहिला मसुदा मी वाचला होता. "सॉल्ट इज व्हेरी इंपॉर्टंट इन अवर लाइफ" अशी सुरुवात. मी पुढे वाचलाच नाही.

दोन-अडीच महिन्यांनी शेवटचा मसुदा ब्लॉगवर आला. त्याची सुरुवात मी मराठीत सांगते, कारण ती मला पाठ झाली आहे. माझे वडील म्हणतात, आमचा बांध बार्जच्या लाटांनी फुटला. माझे आजोबा म्हणतात, बांध माणसांनी सोडला म्हणून फुटला. दोघंही एकाच बांधावर उभे होते.

मी ते तीनदा वाचलं. वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने असं वाक्य लिहिलं नव्हतं. मीही लिहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटलं.

लेखन माणसाचं की मशीनचं ते सांगणारं एक संकेतस्थळ आहे. त्यात मी तो निबंध घातला. बहुतेक सगळा लाल झाला, म्हणजे मशीनचा ठरला. पुढच्या शनिवारी मी तो कागद छापून वडखळला आणला.

"हे त्या पोरीने लिहिलेलं नाय," मी म्हटलं.

"मग कोणी लिहिलं?"

"एक तर मशीनने. नाहीतर तू."

तू कपातला चहा संपवलास, मगच बोललीस. "तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार."

"म्हणजे ती काय बोलणार ते तुझं ठरलंय. मी काय बोलणार ते पण ठरलं असेल." तू कागदाची घडी घातलीस आणि माझ्याकडे सरकवलीस. "वैशू, लिहिण्यावर हवा तेवढा संशय घे. तेच तर आपण शिकवतो. लिहिणारीवर घेऊ नको."

"ते वेगळं काढता येतं का? चोरीच्या मालाची पारख करताना चोराचं नाव घ्यायचं नाही?"

"चोरी झाली हे कुठे ठरलंय?"

त्यावर मी काही बोलले, तू काही बोललीस, आणि आपण चिडून उठलो. तुझी पेणची एसटी आधी आली. तू खिडकीतून हात केला नाहीस.

आता जे मी केलं ते.

सोमवारी दुपारी मोकळ्या तासाला कॉलेजच्या संगणकावर मी एक नवं खातं उघडलं. नाव दिलं "एक वाचक". प्रणालीच्या निबंधाखाली इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीची भाषा नाही. काइंडली, हे लिहायला तुम्हाला कोणी मदत केली ते सांगा. आम्हाला मूर्ख समजू नका.

मी स्वतःला सांगितलं की हा प्रश्नच आहे, तुझ्याच नियमातला तिसरा. नाव का लिहिलं नाही, याचं उत्तर मात्र मी स्वतःला दिलं नाही.

ती कॉमेंट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे राहिली. तेवढ्यात तुझ्या आणि माझ्या, दोन्ही वर्गांनी ती वाचली. तुझ्या कॉलेजात पोरं प्रणालीला "एआय" म्हणून हाका मारायला लागली, हे मला नंतर कळलं. तिने ब्लॉगवर लिहिणं बंद केलं. तासाला यायची, मागे बसायची, विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणायची.

तू मला फोन केलास. "तुझ्या वर्गातलं कुणी असेल का गो?"

"चौकशी करते," मी म्हटलं.

तू ती कॉमेंट मला फोनवर वाचून दाखवलीस. सावकाश, जशी वर्गात वाचायचीस तशी. "काइंडली"शी येऊन थांबलीस. एम.ए.पासून तू मला या शब्दावरून चिडवत आलीस. प्राचार्यांना अर्ज असो की तुला चिठ्ठी, मी काइंडलीशिवाय वाक्य सुरू करत नाही. मग तू पुढचं वाक्य वाचलंस. तुला तेव्हाच कळलं का? तू मला बोलायला संधी देत होतीस, की नुसता ठसका आला होता? हे मी आता कुणाला विचारू?

आणि चौकशी मी खरंच केली. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. वर्गात उभी राहून मी विचारलं, ही कॉमेंट कुणी लिहिली? सगळ्यांनी दीक्षाकडे बघितलं. प्रणालीला सतत प्रश्न विचारणारी तीच होती.

"मॅडम, मी नाय लिहिलं," ती म्हणाली. "मी नाव टाकूनच लिहिते."

मी "बरं, बस खाली" म्हटलं. शब्द साधेच होते. पण मी ते ज्या सुरात म्हटले, त्या सुराने वर्गाचं मत ठरलं. मला ते दिसलं आणि मी ते तसंच राहू दिलं. त्यानंतर दीक्षाशेजारची मुलगी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो. त्या शनिवारी तुला सांगायचं असं ठरवून मी निघाले होते. तू नवऱ्याच्या, रशीदभाईंच्या रजेबद्दल बोललीस, मस्कतहून यायचं त्यांचं तिसऱ्यांदा पुढे गेलं होतं. घराचं छप्पर गळतंय ते सांगितलंस. प्रणालीचं नाव काढलं नाहीस. मग म्हणालीस, "काइंडली, अजून एक चहा सांग." आणि माझ्याकडे बघितलंस. नेहमीची थट्टा होती की दुसरं काही? मी चहा सांगितला. निघताना तू विचारलंस, "तुला काही सांगायचंय का?" मी "नाय" म्हटलं. तू माझ्या खांद्यावरची ओढणी नीट केलीस आणि गेलीस.

त्यानंतर तीन आठवडे. बस.

रशीदभाई आले ते तुझ्यासाठीच आले. महिनाभराने त्यांनी मला बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी तुझी हजेरीची वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर ब्लॉगचा पासवर्ड होता.

"ती म्हणाली होती, हे वैशालीला द्या," ते म्हणाले.

"कधी म्हणाली?" मी लगेच विचारलं. माझा आवाज त्यांना विचित्र वाटला असावा.

"दवाखान्यात. का?"

"काही नाही. अजून काही म्हणाली?"

"नाय. एवढंच." मग ते म्हणाले, "तुमचं काही झालं होतं का?"

बघ, संशय कसा पसरतो. तीन महिने मी तो सांडत फिरत होते, आता त्याचे थेंब तुझ्या नवऱ्याच्या अंगावर उडाले. मी "नाही हो" म्हटलं आणि वही पर्समध्ये घातली.

तू मला पासवर्ड का दिलास, यावर मी दोन दिवस विचार केला. आत गेल्यावर मला काहीतरी दिसावं म्हणून दिलास, असं मला वाटत होतं. काय दिसेल याची भीतीही होती. शेवटी रविवारी सकाळी उघडलं. माझी कॉमेंट तिथे होती. तू ती पुसली नव्हतीस, फक्त कुणाला दिसणार नाही अशी झाकून ठेवली होतीस. आणि तिच्याखाली, फक्त मालकालाच दिसतील अशा कप्प्यात, पोरांचे सगळे जुने मसुदे होते. प्रत्येकाचा प्रत्येक मसुदा, त्याखालच्या कॉमेंटसकट. प्रणालीचे अकरा.

मी ते अकराही वाचले, ओळीने. दुसऱ्यात तिने लिहिलं होतं, बार्जमुळे बांध फुटला. दीक्षाने विचारलं होतं, तुला कसं माहीत, तू बघितलंस? चौथ्यात तिने लिहिलं, माझ्या वडिलांनी बघितलं. दीक्षा: दुसऱ्या कुणी काही वेगळं बघितलं का? पाचव्यात आजोबा आले. दीक्षा: मग दोघांतलं खरं कोण? सहाव्यात प्रणालीने चिडून लिहिलं होतं की ते मला ठरवता येत नाही, दोघंही माझ्या घरातले आहेत. दीक्षा: बरं, पण तेव्हा ते होते कुठे? आणि त्याखाली प्रणालीचं उत्तर, तिच्या त्या इंग्रजीत: "बोथ सेम बांध ओन्ली."

ते वाक्य असं आलं होतं, नसीम. दोन मुलींच्या भांडणातून. पुढचे पाच मसुदे ती फक्त त्याची भाषा सुधारत होती. सातव्यात क्रियापद चुकलेलं, आठव्यात काळ चुकलेला, नवव्यात बरोबर आलं आणि दहाव्यात पुन्हा बिघडलं. तुझ्या कॉमेंट मी मुद्दाम शोधून काढल्या. एकीतही तू तिला वाक्य दिलं नव्हतंस. "हे मोठ्याने वाचून बघ." "इथे मी अडखळले." "आजोबांना पुन्हा विचार." एवढंच. मी वीस वर्षं पोरांची वाक्यं खोडून स्वतःची लिहीत आले. तू एकही लिहिलं नाहीस, पण मी तसं करते म्हणून ते तुझं असेल असा मला संशय आला.

त्या दुपारी मी माझा एम.ए.चा जुना निबंध टाइप करून त्या संकेतस्थळात घातला. मी हाताने लिहिलेला, तेव्हा असली मशीन नव्हतीच. तोही लाल झाला.

सोमवारी वर्गात मी सांगितलं. सरळ सांगितलं, ती कॉमेंट माझी होती, दीक्षाची नव्हती, आणि तुम्ही तिच्यावर शंका घेतलीत तेव्हा मी गप्प बसले. दीक्षाने वहीतून मान वर केली नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, मला तुमच्यावर शंका आली होती," ती म्हणाली. "पण तुम्ही मॅडम ना. म्हणून मीच मला गप्प केलं."

"आईला सांगितलं होतंस घरी?"

"हो. ती म्हणाली, तू काहीतरी केलंच असशील, नाहीतर तुझ्याकडे कशाला बघतील."

मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आईने पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि मुलीकडे बघून "मना काय ठाव" एवढंच म्हणाली. मुलगी दाराला टेकून उभी होती. त्या दोघी नंतर एकमेकींशी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

मग प्रणाली. पुढच्या रविवारी वडखळहून रिक्षा करून तिच्या गावात गेले. ती मला घरात न नेता मागच्या बाजूला घेऊन गेली. जिथे मिठागर होतं तिथे आता खाडीचं पाणी आहे, मधे मधे बांधाचे तुकडे. तशा एका तुकड्यावर ती बसली.

"ती कॉमेंट मी लिहिली होती," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

मी वाट बघितली.

"तुला राग नाही आला?"

"आला व्हता. दोन दिवस. मंग नाय. ज्याला नाव लिवायचा धीर नाय, त्याचं काय मनाला लावून घ्यायचं?"

मी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "तर मग लिहिणं का सोडलंस?"

तिने पायाशी पडलेलं एक शिंपलं उचललं, बघितलं आणि पाण्यात टाकलं. "नसीम मॅडम आल्या व्हत्या. त्या कॉमेंटच्या चार दिवसांनी. इथंच बसल्या व्हत्या. पहिल्या पपांशी बोलल्या, आज्याशी बोलल्या, च्या घेतली. मंग मना म्हणाल्या, प्रणाली, खरं सांग, हे तूच लिवलंस ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी व्हय म्हटलं," प्रणाली म्हणाली. "त्या बरं म्हणाल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण इचारलं ना, मॅडम. अकरा वेळा वाचलं व्हतं त्यांनी. मी कुठं अडकले, कुठं रडले, समदं त्यांना ठाव व्हतं. दुसऱ्या कुणी काय पण म्हणू दे. त्यांनी इचारलं."

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. तिला मी मोडलं नव्हतं, तू मोडलं होतंस. हे वाटणं दोन-तीन श्वास टिकलं असेल. मग तुझा राग आला. लिहिणारीवर संशय घेऊ नको, असं मला सुनावून तू एसटीत बसली होतीस. हात करायलाही तयार नव्हतीस. अकरा मसुदे तुझ्याकडे होते, पुरावा सगळा तुझ्या हातात होता, आणि तरी तू इतकं लांब येऊन त्या मुलीला विचारलंस.

आणि मग कळलं की तो प्रश्न तुझा नव्हताच. तो मी वडखळला तुझ्यापुढे कागदासकट ठेवला होता. तू तो घडी घालून परत दिलास, पण तो तुझ्याबरोबर पेणला गेला. बाईमाणसाच्या मनात एकदा असं काही शिरलं की भाजी निवडतानाही ते डोकं वर काढतं, हे मला ठाऊक आहे. तुझं चार दिवस काय झालं असेल ते मला दिसलं. तुला माझं खोटं ठरवायचं होतं, म्हणून तू विचारायला आलीस. निदान आलीस. स्वतःचा चेहरा घेऊन, तिच्या बापाला, आजोबाला भेटून, समोर बसून विचारलंस. मी जे कॉलेजच्या संगणकामागे लपून केलं, ते तू उन्हात बसून केलंस. चूक तीच, पण तुझ्यामाझ्यात तेवढा फरक होता आणि तो शेवटपर्यंत राहिला.

"दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला," प्रणाली सांगत होती. "मी विचारायला नको होतं, असं. मी वाचला. त्यांना दिसलं असंल मी वाचलेलं. उत्तर नाय दिलं. म्हटलं, परीक्षा झाली की जाऊन भेटीन, तवा बोलीन." ती थांबली. "मंग त्या गेल्याच."

पाणी चढत होतं. लांबून एक बार्ज चालला होता, त्याच्या लाटा बऱ्याच वेळाने आमच्यापर्यंत आल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांना ठाव असंल ना, की मी रागावले नव्हते?"

असल्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते मला माहीत आहे. शोकसभेतला प्रत्येक जण ते देईल. हो गं, त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांचा जीव होता तुझ्यावर. माझ्या तोंडाशी ते आलं होतं. आणि तेच मला स्वतःसाठीही हवं होतं, तुझ्याकडून, तो काइंडली, ती ओढणी, तो पासवर्ड, सगळं धरून. तुला कळलं होतं आणि तू मला माफ केलं होतंस, असं कुणीतरी म्हणावं.

"मला माहीत नाही, प्रणाली," मी म्हटलं. "कळलं असेल असं वाटतं. पण माझ्याकडे पुरावा नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"समदी व्हय म्हणतात," ती म्हणाली. "आई, पपा, कॉलेजातले सर. कुणाला काय ठाव नाय, आन समदी व्हय म्हणतात."

मग ती बांधावर जराशी सरकली आणि शेजारची माती हाताने झाडून सारखी केली. आल्यापासून मी उभीच होते. मी तिच्याशेजारी बसले.